आठवड्याचा एक फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सोमवारी आम्ही काही हौशी मंडळी सरत्या आठवड्यातला आपापला सर्वांत आवडता निसर्गाचा फोटो एकमेकांना दाखवतो. बहुतेक जण पुणे जिल्ह्यातले, काही कोकणातले, थोडे विदर्भातले आणि दोघे-चौघे पार सातासमुद्रापलीकडचे. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात; जुने लोकही अडचणीचं काही निघालं की फोन करतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. क्रमांक दिले आहेत ते एकातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून.

१. भाग घ्यायला कॅमेरा कोणता लागतो?

जो हाताशी आहे तो. मोबाईलवर फुलं, कोळ्याची जाळी, अळंबी, पावसाळी ढग फार छान येतात. पक्ष्यांचं वेड असेल तर झूम लागतोच, पण त्यासाठी दीड-दोन लाखांची लेन्स लागते असं नाही. निकॉनच्या पी९०० आणि पी१००० या ब्रिज (लेन्स न बदलता येणाऱ्या, मोठ्या झूमच्या) कॅमेऱ्यांवर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी हात बसवला. पी१०००चा झूम ३००० मिमीपर्यंत जातो. अर्थात मे महिन्यात भर दुपारी माळरानावर तो पूर्ण ताणलात, तर चिंकाऱ्याऐवजी तापलेल्या हवेच्या लाटाच टिपल्या जातील. झूम कितीही असो, जवळच्या पक्ष्याला पर्याय नाही.

२. मला फक्त रविवार मिळतो. ताडोबा परवडत नाही. मी काय पाठवू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

वाघाचे फोटो आम्हालाही आवडतात. पण वर्षाकाठी एकदा सफारी आणि उरलेले आठवडे रिकामे, असं करणारा माणूस चार महिन्यांत कंटाळतो. टिकतात ते जवळची एक जागा धरून बसणारे. पुण्यात पाषाण तलाव, वेताळ टेकडी, कवडीपाट आहेत. मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशन आणि शिवडीची दलदल आहे. तेही जमत नसेल तर गॅलरी आहे.

गॅलरी म्हणजे थट्टा नाही. आमच्यातल्या एका काकूंनी शेजारच्या शेवग्यावर येणारा जांभळा शिंजीर महिनोन्‌महिने टिपला. पावसाळ्यानंतर नराचा झगमगीत जांभळा पिसारा उतरला. तो मादीसारखा पिवळट दिसू लागला, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरली. नवखा माणूस तो वेगळाच पक्षी समजतो. मग हळूहळू खांद्यावर, पाठीवर जांभळे ठिपके उगवायला लागले आणि पुन्हा पूर्ण नर तयार झाला. हे सगळे फोटो एकाच खुर्चीत बसून काढलेले. सफारीत असा फोटो मिळत नाही, कारण जिप्सी पुढे निघून जाते.

३. ‘निसर्गाचा फोटो’ म्हणजे काय काय चालतं?

प्राणी, पक्षी, कीटक, रानफुलं, झाडं, बुरशी, खडक, आकाश, पाऊस. तारेवर बसलेला नीलपंख चालतो, म्हशीच्या पाठीवरचा गायबगळाही चालतो. घरचं मांजर नाही. कुंडीतला गुलाब नाही, पण त्यावर मधमाशी आली असेल आणि फोटो तिचा असेल तर जरूर पाठवा. पिंजऱ्यातल्या प्राण्यांबद्दल प्रश्न १७ पाहा.

४. फोटो त्याच आठवड्यातला हवा का?

हो, सोमवार ते रविवार. जुन्या हार्डडिस्का उघडल्या की लोक बाहेर पडायचे थांबतात, हा अनुभव आहे. सवलत दोनच वेळा: आजारपणात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घाटाकडे संततधार लागली असेल तेव्हा. तेव्हाही फोटो कधीचा ते लिहायचं.

५. एकच का? दोन चांगले असले तर?

तरी एकच. दोनशे फोटो काढणं बोट दाबून ठेवण्याचं काम आहे. त्यातून एक काढून बाकीचे मागे ठेवणं अवघड असतं आणि डोळा तयार होतो तो तिथेच. आमच्याकडे बरेच जण असं करतात: त्याच रात्री फक्त डोळ्यावर फोकस नसलेले फोटो उडवायचे. निवड दुसऱ्या दिवशी. पहाटे उठून, चिखल तुडवून मिळालेला फोटो त्या रात्री असतो त्यापेक्षा चांगला वाटतो. सकाळी तो फक्त फोटो म्हणून दिसतो. तरीही दोनांत अडलात तर ज्यात प्राणी काहीतरी करतोय तो ठेवा. नुसता फांदीवर बसलेला खंड्या सुंदर दिसतोच, त्यात तुमची कामगिरी थोडी.

६. फोटोसोबत काय लिहायचं?

नाव, तालुका, तारीख, साधारण वेळ आणि फोटो कसा मिळाला ते दोन ओळींत. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. गाडीतून, हाईडमधून (लपून बसायच्या आडोशातून), नावेतून, पोटावर सरपटत, जे असेल ते. एफ-स्टॉप, आयएसओ असे कॅमेऱ्याचे आकडे हवे तर लिहा, त्यावाचून कुणाचं अडत नाही. ‘निसर्गाची किमया’, ‘रंगांची उधळण’ हे मथळे कृपया नकोत. ‘बगळ्याने मासा पकडला, तो तोंडात फिरवून डोक्याच्या बाजूने गिळला’ असं लिहिलंत तर वाचणारा पुन्हा फोटो बघतो.

७. ओळख पटली नाही तर?

‘ओळख हवी’ असं लिहून पाठवा. अंदाज ठोकून देऊ नका. चुकीचं नाव एकदा पुढे गेलं की मागे येत नाही. शिकारी पक्षी, चिखलपक्षी आणि वटवटे यांत भलेभले अडखळतात. अशा वेळी निवडलेला सुंदर फोटो बाजूला ठेवून पंख उघडे असलेला, शेपटी दिसणारा कुरूप फोटोही सोबत द्या. एक फोटोच्या नियमाला हा अपवाद आहे. कीटक आणि वनस्पतींसाठी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकून पाहिलं तर निदान कुळापर्यंत पोचता येतं.

८. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की फोटो मऊ का पडतो?

कारण ते फोटो दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मात्र मग फोटोत दडलेली माहितीही सोबत जाते, म्हणजे तारीख, कॅमेरा आणि मोबाईलचा जीपीएस चालू असेल तर नेमकं ठिकाणसुद्धा. साधा फोटो म्हणून पाठवला की ती गळून पडते. का जपायचं ते पुढच्या उत्तरात.

९. ठिकाण किती नेमकं सांगायचं?

भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो), शिवडीचे रोहित, भीमाशंकरचं शेकरू: खुशाल सांगा, सगळ्या जगाला ठाऊक आहेत. पण पुढच्या गोष्टींसाठी जिल्ह्यापलीकडे जाऊ नका: कोणतंही घरटं, मोठ्या घुबडांच्या बसायच्या जागा, लांडग्याची आणि तरसाची बिळं, खवले मांजर, चांदणी कासव, दुर्मीळ कंदीलपुष्पं आणि ऑर्किड. खवल्यांसाठी खवले मांजर मारलं जातं, पाळण्याच्या हौसेपायी कासवं उचलली जातात, दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांवर संक्रांत येते. हे लोक आपले फोटो आपल्याइतक्याच बारकाईने बघतात.

फक्त मथळ्यातून गावाचं नाव काढून भागत नाही. मागे दिसणारं देऊळ, पवनचक्की, ओळखीचा डोंगर यांवरूनही जागा कळते. फाइलमधला जीपीएस काढायला विसरू नका. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं; आपल्याला ते हाताने करावं लागतं. ‘फक्त मला सांगा, कुणाला सांगणार नाही’ असे फोन येतात. उत्तर एकच, नाही. राग येऊ देऊ नका.

१०. एडिटिंग किती चालतं?

कापणं, उजेड-सावली, रंगांचा तोल, नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) काढणं, धार लावणं चालतं. मधे आलेली काडी पुसणं, दुसरा पक्षी चिकटवणं, आकाश बदलणं, एआयकडून कापलेली शेपटी पुरी करून घेणं चालत नाही. नॉइज काढणाऱ्या काही साधनांना हल्ली पिसं स्वतःच्या मनाने रेखायची सवय लागली आहे. मूळ फाइल शेजारी ठेवून तपासा. शंका आली तर आम्ही ती मागतो, आणि त्यात अपमान मानायचं कारण नाही.

११. काजव्यांचा फोटो अनेक फोटो एकावर एक रचूनच होतो. मग?

चालतो, ‘रचलेला’ असं लिहायचं. एकाच जागी, एकाच रात्री, कॅमेरा न हलवता घेतलेले फोटो असावेत. कीटकांच्या मॅक्रोत (अगदी जवळून घेतलेल्या फोटोत) फोकस बदलत घेतलेले फोटो जोडणं हेही यातच बसतं.

मे अखेरीपासून जूनचा जोरदार पाऊस सुरू होईपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे जत्रा भरते. काजव्याची उघडझाप हा नर-मादीतला संवाद असतो. त्यावर तुमच्या विजेरीचा झोत पडला की तो तुटतो. ट्रायपॉड उजेडी लावून घ्या, मग मोबाईलचा पडदासुद्धा बंद. आणि गाडीचे दिवे तोंडावर मारणाऱ्या पर्यटकांशी भांडू नका; गावातल्या वाटाड्याला सांगा, तो ते जास्त चांगलं करतो.

१२. हाईडमधून किंवा खाऊ घालून काढलेला फोटो चालतो का?

हाईडमधला चालतो, तसं लिहायचं. समोर पाण्याचं भांडं आणि शेवाळलेली फांदी ठेवलेली असते हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर प्रत्येकाच्या फोटोत तीच फांदी कशी याचं नवल वाटत राहतं. जिवंत आमिष लावलेलं असेल तर नको. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांना शेव-गाठी उधळून काढलेले फोटोही नकोत. फोटो नाट्यमय येतो हे मान्य, पण डोळ्यांसमोर शेवेचा तुकडा दिसतो त्याचं काय करायचं?

१३. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावलं तर?

नाही. त्याच्या लेखी हद्दीत दुसरा नर घुसलेला असतो. तो चारा, मादी, घरटं सोडून न दिसणाऱ्या शत्रूच्या मागे लागतो. नवरंग असो की घुबड, उत्तर बदलत नाही. वाटाड्याने न विचारता वाजवलं तर त्याला थांबवा आणि तो फोटो पाठवू नका.

१४. घरट्याचे फोटो का नकोत? मी लांबूनच काढले होते.

लांबूनच काढले असतील. पण तो फोटो पाहून येणारे पुढचे वीस जण लांब थांबत नाहीत. घरटं नीट दिसावं म्हणून कुणीतरी दोन पानं मोडतो. ती पानंच उन्हापासून आणि कावळ्यापासूनचा आडोसा असतात.

कोकणातला तिबोटी खंड्या घ्या. पावसाळ्यात तो मातीच्या दरडीत बोगद्यासारखं बीळ करून अंडी घालतो आणि ही दरड पुष्कळदा रस्त्याकडेलाच असते. चोचीत सरड्याचं पिल्लू किंवा खेकडा धरून तो बिळाजवळच्या फांदीवर येतो. समोर माणसं असली की आत जात नाही. डोकं वरखाली हलवत, जागा बदलत तसाच बसून राहतो. आपल्याला वाटतं काय झकास पोज देतोय, आणि आपण आणखी शंभर फोटो काढतो. आत पिल्लं उपाशी. ‘चोचीत भक्ष्य’ असलेला तिबोटीचा फोटो आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो किती वेळ तिथे होतात हा.

१५. मग सुगरणीची घरटी? भादलवाडीचे चित्रबलाक?

हे अपवाद. विहिरीवर लोंबणारी सुगरणीची वसाहत रस्त्यावरून दिसते, तिला लपवण्यासारखं काही नसतं. भादलवाडी तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात आणि मधे पाणी असतं. काठावर उभं राहून काढा. पाण्यात उतरून, होडी नेऊन किंवा ड्रोन उडवून काढलेला फोटो मात्र १४ व्या उत्तराप्रमाणेच परत जाईल.

१६. भिगवणला नावाडी ‘उडवू का?’ विचारतो. काय सांगायचं?

‘नको’ सांगायचं, आणि ते नावेत बसायच्या आधी.

रोहित पक्ष्याचा खरा गुलाबी रंग पंखांत दडलेला असतो, उडाल्याशिवाय तो दिसत नाही. मोह तिथेच होतो. नावाड्याचा दोष नाही, मागच्या गिऱ्हाइकाने त्यासाठीच वर पैसे दिलेले असतात. पण रोहित जागच्या जागी उडत नाही, पाण्यावर धावत जाऊन मग उचलला जातो. दिवसभर नावा फिरतात. प्रत्येक नावेने एकदा उडवलं तर त्याने डोकं खाली घालून खायचं कधी? कुंभारगाव, डिकसळकडचे जाणते नावाडी इंजिन बंद करून वल्ह्याने नेतात, आणि थोडा वेळ गप्प बसलं की थवा स्वतःच एका उथळ जागेवरून दुसरीकडे उडतो. उडतानाचा फोटो तेव्हा काढा, १/१००० सेकंदापेक्षा वेगवान शटर ठेवून. अशा नावाड्याला दोन पैसे जास्त द्या, पुढच्या खेपेला तोच तुम्हाला बोलावून घेईल.

१७. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला फोटो चालेल का?

पिंजऱ्यातला किंवा खंदकातला प्राणी नाही. तिथल्या तळ्यावर बाहेरून आपणहून आलेला बगळा चालतो. प्राण्यांच्या अनाथालयातून नुकताच सोडलेला पक्षी? सोडतानाचा फोटो नको. पुढे महिन्याभराने रानात स्वतःचं पोट भरताना दिसला तर आनंदाने.

१८. साप आणि बेडकांचे फोटो: नियम वेगळे आहेत का?

नियम तेच, मोडले जातात जास्त. पकडलेला साप सोडताना फणा काढायला लावून काढलेला फोटो आम्ही घेत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि परवानगीशिवाय साप हाताळणं हा गुन्हा आहे, मग पकडणारा मित्र कितीही निष्णात असो.

आंबोलीला पावसात रात्री फिरायला जाणाऱ्यांसाठी: बेडूक उचलून चांगल्या पानावर ठेवू नका. त्याची कातडी ओलसर आणि सच्छिद्र असते, तुमच्या हाताला डासांचं मलम असतं. जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत तिथला आंबोली टोड अंडी घालतो; जगात फार थोड्या जागी सापडणारा हा प्राणी बुटाखाली येऊ शकतो एवढा लहान आहे. पाय कुठे पडतोय ते आधी, कॅमेरा मग. फ्रिजमध्ये गार करून सुस्त केलेली फुलपाखरं दवबिंदूंसकट पाठवणारे अजूनही भेटतात. ती ओळखू येतात.

१९. कासला आडवं पडून फुलांच्या उंचीवरून फोटो काढू का?

वाटेवर पडून काढता येत असेल तर काढा. पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे; ‘सीतेची आसवं’ नावाच्या फुलांसारखी इवली फुलं तुमच्या कोपराखाली कधी गेली ते कळणारही नाही. कॅमेरा जमिनीलगत धरून पडदा वर वळवला की काम होतं.

२०. जखमी प्राणी किंवा उसात बिबट्याचे बछडे दिसले तर फोटो काढू का?

आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बछड्यांना हात लावू नका, उचलू नका, गर्दी जमवू नका. आई बहुधा जवळच असते आणि रात्री परत येते. रस्त्यावर गाडीखाली आलेल्या प्राण्याचा फोटो, जागा आणि वेळ लिहून, जरूर पाठवा. बघवत नाही हे खरं, पण कोणत्या वळणावर काय मरतं याची नोंद उपयोगी पडते.

२१. माझा फोटो कुणीतरी आपल्या नावाने फिरवतोय.

फोटो काढला त्या क्षणी तो तुमचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मूळ फाइल जपून ठेवा, तोच पुरावा. आधी साध्या शब्दांत विनंती करा, बहुतेक जण काढून टाकतात. फोटोच्या मधोमध भलंमोठं नाव छापणं हा उपाय नव्हे.

२२. पक्षी सप्ताहात काही वेगळं असतं का?

असतं. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात फक्त पक्षी, आणि तेही घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचे. गाडी काढायची नाही.

२३. मी न्यू जर्सीत असते. इथले पक्षी चालतील? आणि तुमचा रविवार की माझा?

चालतील म्हणजे काय, जानेवारीत आम्ही भिगवणला घाम पुसत असताना तुमचा बर्फातला लाल कार्डिनल आला की इथे चहा थांबतो. नियम तेच, विशेषतः घुबडांच्या जागेबद्दल (प्रश्न ९). बर्फात घुबड दिसलं की तिकडेही गर्दी होते असं ऐकतो. खिडकीतल्या दाणापेटीवरचा पक्षी असेल तर हाईडप्रमाणे तसं लिहा. रविवार तुमचा धरायचा. आमची सोमवारची सकाळ उजाडते तेव्हा तुमच्याकडे रविवारची रात्र असते, त्यामुळे तुमचा फोटो पोचायच्या आत इथे गप्पा सुरू झालेल्या असतील. सोमवारी संध्याकाळपर्यंत आम्ही वाट बघतो.